कडेची पांढरी रेघ

अमरावतीच्या गाडगेनगरात वर्षाली गुल्हाने आणि तिची आई विमलबाई, अशा दोघीच राहतात. वडील एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. ते गेल्यावर घर वर्षालीवर आलं. राजकमल चौकाजवळच्या एका फोटो स्टुडिओत ती लग्नाचे अल्बम नीटनेटके करून द्यायची. नवरीच्या गालावरचा फोड काढायचा, मामाच्या शर्टावरचा वरणाचा डाग पुसायचा, ऐन मंगलाष्टकांत कुणी डोळे मिटलेले असले तर दुसऱ्या फोटोतले उघडे डोळे आणून तिथं बसवायचे. वर्षानुवर्षं हे काम केल्यामुळे कुठलाही फोटो स्क्रीनवर मोठा करून त्यातलं वावगं शोधायची तिच्या नजरेला सवयच लागली होती. पुढे लोकांचं मोबाइलवरच भागू लागलं आणि स्टुडिओच्या मालकानं शटर खाली ओढलं ते कायमचंच.

त्याच स्टुडिओत पूर्वी काम करणारा कुलदीप तोवर पुण्यात एका कंपनीत लागला होता. त्यानं तिला फोन केला. काम घरी बसून करायचं होतं आणि तिच्या हातचं होतं. खेळाडूंची चित्रं छापलेली जाड कागदाची जुनी कार्डं, जी कधीकाळी चिंगमच्या पाकिटात फुकट मिळायची, ती आता जगभरचे शौकीन लोक जमवतात. परदेशातल्या काही संस्था अशी कार्डं तपासून त्यांना एक ते दहापर्यंत दर्जा देतात आणि प्लॅस्टिकच्या पारदर्शक, कडक डबीत कायमची बंद करतात. डबीच्या माथ्यावर चिठ्ठी असते, तिच्यावर दर्जाचा आकडा आणि नोंदीचा क्रमांक. कुलदीपची कंपनी अशी डबीबंद कार्डं ऑनलाइन विकून द्यायची. विकणारा फोटो पाठवणार आणि वर्षालीनं फोटो बघून सांगायचं, की माल सांगितल्यासारखा आहे की नाही.

सुरुवातीला तिला हसूच आलं. पण काम सोपं नव्हतं. कोपरे पांढरे पडलेत का, छपाई मधोमध आहे की एका बाजूला सरकली आहे, कड कुणी कापून सरळ केली आहे का, हे बघायचं. चरा कार्डावर आहे की डबीवर, हे ओळखणं तर फारच किचकट. डबीवरच्या चऱ्याची बारीक सावली खाली कार्डावर पडते, कार्डावरच्या चऱ्याला सावली नसते, हे तिचं तीच शिकली. आणि सगळ्यात मोठी भीती फसवणुकीची. काही लोक डबी हळूच उघडून आतलं चांगलं कार्ड काढतात, हलकं कार्ड घालतात आणि डबी पुन्हा चिकटवतात. उघडलेली डबी कडेला, जोडावर, दुधाळ होते. अशी दुधाळ रेघ दिसली की काम थांबवायचं.

वर्षाली या कामात हळूहळू तरबेज झाली. कंपनीत फोटो तपासणारी दोनच माणसं होती आणि त्यातही अवघड मामला असला की तिच्याकडे यायचा. एका स्थानिक वर्तमानपत्रानं, कंपनीचं नाव न देता, तिच्यावर चार ओळी छापल्या, सोबत तिचा फोटो. विमलबाईंनी तो पेपर शेजारपाजारच्या सगळ्या घरांत फिरवून आणला. एवढं सगळं असून वर्षालीनं असं एकही कार्ड कधी हातात धरलेलं नव्हतं. तिच्यासाठी कार्ड म्हणजे फोटो.

हिवाळ्यात एक फोटो आला. वेस्ट इंडीजचा एक जुना वेगवान गोलंदाज, चेंडू टाकण्याआधीच्या उडीत, दोन्ही पाय जमिनीच्या वर. दर्जा आठ. विकणाऱ्याचं नाव अंकुर येऊल, अकोला.

आपल्या वऱ्हाडातला माणूस बघून तिला बरं वाटलं. मग फोटो मोठा केला तर डबीच्या डाव्या कडेला, वरपासून खालपर्यंत, पांढरी रेघ. कार्डावरही कुठंकुठं धुरकट झाक होती. शंका आली तर दुसऱ्या उजेडातला फोटो मागवायचा, असा कंपनीचा नियम होता. तो तिनं पाळला नाही. त्या दिवशी फोटोंचा ढीग पडला होता, हे एक. दुसरं असं, की आपल्याकडचा म्हणून सूट दिली असं उद्या कुणी म्हणायला नको, हेही मनात होतं. तिनं लिहिलं : डबी उघडून पुन्हा बंद केल्याची खूण. आतलं कार्ड बदललेलं असू शकतं.

अंकुरनं तक्रार केली. नवे फोटो पाठवले आणि खाली मराठीत लिहिलं, "मी डबी उघडलेली नाही. तुम्ही म्हणाल तर कार्ड घेऊन पुण्याला येतो, समोर बघून घ्या." कुठला फोटो कुणी तपासला हे कंपनी बाहेर कुणाला सांगत नसे, त्यामुळे ती अमरावतीत बसून हे वाचते आहे हे त्याला कळायचा प्रश्नच नव्हता. नव्या फोटोंतही रेघ तशीच होती. पण खोली तीच होती, खिडकी तीच होती, उजेड तोच होता, एवढं तिच्या लक्षात आलं नाही. किंवा लक्षात घ्यायला ती थांबली नाही. "निर्णय कायम," असं लिहून तिनं पुढचा फोटो उघडला. कंपनीनं अंकुरचं खातं बंद केलं आणि काळ्या यादीत त्याचं नाव टाकलं. ती यादी सगळ्यांना बघता येत असे.

वर्षाली ते विसरूनही गेली.

पोळा होऊन गेल्यावर एका दुपारी दारात एक म्हातारा माणूस उभा राहिला. पांढरं धोतर, टोपी, पायांत बसच्या प्रवासानं धुळकटलेल्या चपला.

"वर्षाली मॅडम इथंच राह्यते का जी?"

"मीच. या ना, बसा."

"मी खुशालराव येऊल. अंजनगाव सुर्जीहून आलो." ते खुर्चीच्या कडेवर टेकले. "अकोल्याले शिवम म्हणून एक पोरगा हाये, मोबाइलचं दुकान हाये त्याचं. त्यानं सांगतलं, का अमरावतीत एक बाई हाये, पेपरात नाव आलतं तिचं, तिले कार्डातलं कयते. म्हणून आलो."

त्यांनी पिशवीतून नॅपकिनात गुंडाळलेली वस्तू काढून टेबलावर ठेवली आणि नॅपकिन सोडला.

"हे खरं हाये का खोटं, तेवढं सांगा."

डबीत तो गोलंदाज उडी घेऊन थांबलेला होता. वर्षालीला तो लगेच ओळखू आला. नाव आठवायला तिला थोडा वेळ लागला, पण म्हाताऱ्याच्या आडनावानं तेही आठवलं.

"कुणाचं आहे हे काका?"

"माह्या पोराचं. अंकुरचं."

"मग त्यांनाच पाठवायचं ना. तुम्ही कशाला एवढा त्रास घेतला?"

"थो नाई आता," खुशालराव म्हणाले. "उन्हाळ्यात गेला. अकोल्याहून घरी येऊन राह्यला होता मोटरसायकलनं. अकोट रोडवर बिनालाइटाची ट्रॉली उभी होती."

म्हाताऱ्याला बोलायचं होतं. कदाचित घरी बोलता येत नसेल. अंकुर अकोल्यात एका कृषी केंद्रात कामाला होता. शिवम आणि आणखी काही पोरं, यांचा कार्डं जमवणाऱ्यांचा गट होता. सुटीच्या दिवशी भेटायचे, एकमेकांची कार्डं बघायचे. अंकुरला दुसरा कसला नाद नव्हता. हे कार्ड त्यानं पुष्कळ वर्षं सांभाळलं होतं आणि कुणाच्या तरी ओळखीनं परदेशात पाठवून डबीत घालून आणलं होतं. मग त्या कंपनीच्या यादीत त्याचं नाव लागलं आणि गटातल्या पोरांनी त्याला काढून टाकलं. कुणी तोंडावर काही बोललं नाही, पण बोलावणंही बंद झालं.

"एक डाव घरी आलता," खुशालराव सांगू लागले, "जेवता जेवता मले म्हणे, बाबा, मी काईच नाई केलं. मी म्हतलं, एवढी मोठी कंपनी, तिची तुह्याशी काय दुश्मनी हाये? कायतरी केलं असशीन म्हणूनच नाव टाकलं. काहून खोटं बोलतं माह्याशी? असं म्हतलं मी त्याले. भाकर तशीच टाकून उठला. मंग त्यानं थो विषय माह्यापाशी कधी काढला नाई. येये, जाये, बोले सगळं. पन थे नाई."

विमलबाई आतल्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"म्हणून म्हणतो, पाहून सांगा. खोटं असन तर खोटं म्हणा. मले राग नाई येणार. खोटं निघालं तर..."

वर्षालीनं डबी उचलली. हातात ती तिला वाटली होती त्यापेक्षा जड लागली. खिडकीपाशी जाऊन तिनं डावी कड उजेडात धरली, तिरपी केली, उलटी केली. जोड काचेसारखा स्वच्छ होता. नखानं चाचपला तरी कुठं खरखर नाही. तिनं कॉम्प्युटरवर जुने फोटो उघडले. तिथं रेघ होती, ठळक, कड भरून. हातातल्या डबीवर नव्हती.

"काका, हे फोटो अंकुरनं कुठं काढले होते?"

खुशालराव स्क्रीनजवळ वाकले. "घरीच. हे कापसाची खोली हाये. पुसाच्या महिन्यात कापसाचा येचा झालता, भाव नव्हता म्हणून घरीच भरून ठेवला होता. पार छतापावतर. उजेडाची खिडकी तेवढी एकच, तिथं बसला होता काढत. मी म्हतलं बी, का अंगाले कापूस लागून राह्यला तुह्या."

वर्षालीनं दोरीवरची पांढरी चादर ओढून आणली. ती घडी करून डबीच्या डाव्या बाजूला धरायला तिनं आईला सांगितलं आणि मोबाइलनं फोटो काढला. फोटोत डबीच्या कडेला पांढरी रेघ उमटली, वरपासून खालपर्यंत. "बाजूला घे," ती म्हणाली. विमलबाईंनी चादर बाजूला घेतली. पुन्हा फोटो काढला. रेघ गेली.

मग तिनं दर्जा देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर कार्डाचा क्रमांक घातला. डबीत बंद करताना काढलेला मूळ फोटो तिथं होता. गोलंदाजाच्या कोपराखाली छपाईच्या शाईचा एक तांबूस ठिपका होता, टाचणीच्या टोकाएवढा. हातातल्या कार्डावरही त्याच जागी तोच ठिपका. अंकुरच्या फोटोत तो कापसाच्या पांढुरक्या झाकेखाली गेला होता. दुसरा फोटो मागवला असता, अंगणात काढलेला, तर तेव्हाच दिसला असता.

"कार्ड खरं आहे काका," ती म्हणाली. "डबी कधी कुणी उघडलेलीच नाही."

खुशालरावांनी डबीकडे बघितलं, मग स्क्रीनकडे.

"ही रेघ कापसाची आहे. बाजूच्या पांढऱ्याची झाक पडली कडेवर." "आणि त्याला खोटं म्हणणारी मीच होते. कंपनीत ते फोटो माझ्याकडेच आले होते. दोन्ही वेळा."

विमलबाईंच्या हातातली चादर खाली घसरली. वर्षालीला वाटलं, आता हा माणूस ओरडेल. ओरडला तर बरं, असंही वाटलं. खुशालरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि कपाळावरून हात फिरवला.

"म्हंजे थो खरं बोलत होता."

"हो."

"जेवता जेवता सांगतलं त्यानं मले."

"काका, चूक माझी आहे. तुमची काही—"

"तुमी त्याले ओयखतही नव्हत्या बाई," ते म्हणाले. "तुमच्यापुढं फोटो होता. माह्यापुढं थो बसला होता."

आता तिला कळलं, की ते तिच्याकडे काय मागायला आले होते. कार्ड खोटं निघालं असतं, तर त्या दिवशी ताटावर पोराला जे बोलले ते निदान खरं तरी ठरलं असतं. तेवढाच आधार उरला होता आणि तिनं चांगलं करायच्या भरात तो काढून घेतला होता. पण दुसरं सांगणार तरी काय? पुन्हा एकदा खोटं?

विमलबाईंनी चहा आणून ठेवला. खुशालरावांनी तो घेतला नाही. नॅपकिनात डबी गुंडाळताना त्यांना गाठ जमेना, म्हणून ती वर्षालीनं मारून दिली. परतीची बस आहे म्हणाले आणि उठले.

ते गेल्यावर वर्षालीनं कुलदीपला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"वाईट झालं," तो म्हणाला. "पण आता माणूसच नाही म्हणतेस, तर खातं कुणासाठी चालू करायचं?"

"खातं नको. त्याचं नाव काढा आणि आपली चूक होती असं लिहा."

"नाव काढतो. चूक झाली असं लिहिलं की बाकीचे सगळे उभे राहतील, आमचंही बघा म्हणून. कशाला उकरून काढतेस वर्षाली?"

नाव काढलं गेलं. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण नाव लागलेलं लोक बघतात, निघालेलं बघत नाहीत. म्हणून कार्डं जमवणाऱ्यांच्या एका मोठ्या ऑनलाइन गटावर तिनं स्वतःच्या नावानं सगळं लिहिलं, चादरीचे दोन्ही फोटो जोडले. खाली हात जोडल्याची बरीच चित्रं आली. एकानं विचारलं, की ते कार्ड आता विकायचं आहे का. शिवमनं काहीच लिहिलं नाही. पुढं ती त्याच्या दुकानात जाऊन भेटली तेव्हा तो काउंटरवरचं कव्हर सारखं पुसत राहिला. "आता काय फायदा ताई," एवढंच म्हणाला. "आम्हीबी तेव्हा त्याले एकदा घरी बोलावून डबी हातात घेऊन पायली असती तर..."

कंपनीनं तिला काढून टाकलं असं म्हणता येणार नाही. गटावर लिहिल्याबद्दल कुलदीप नाराज झाला खरा, पण त्याआधीच तिचं काम बिघडलं होतं. कुठलाही फोटो उघडला की ती दुसरा मागवायची, मग तिसरा, मग घराबाहेर काढलेला. साधा कोपरा बघतानाही हा पांढरेपणा कागदाचा की आजूबाजूच्या कशाचा, हे तिला ठरवता येईना. विकणारे कंटाळले. तिच्याकडे येणारे फोटो कमी कमी होत गेले आणि एका महिन्यात आलेच नाहीत. हल्ली ती अकोल्यात, शाळांना ओळखपत्रं छापून देणाऱ्या एका दुकानात जाते. सकाळी बडनेऱ्याहून गाडी, संध्याकाळी परत. विमलबाई पेपरातल्या त्या बातमीचा विषय आता कुणापुढं काढत नाहीत.

थंडी सुरू झाल्यावर ती एकदा अंजनगावला गेली. खुशालराव तिला घ्यायला बस स्टँडवर आले होते. वाटेत ते म्हणाले, "घरी काई बोलू नका. अंकुरच्या मायले यातलं काईच माईत नाई. यादीचं बी नाई, मी त्याले जे बोललो थे बी नाई."

"मग मी कोण म्हणून येऊ?"

"अंकुरच्या ओयखीची म्हणून या."

घरी अंकुरच्या आईनं, पार्वताबाईंनी, तिला जेवायला बसवलं. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. पोराच्या ओळखीची बाई इतक्या लांबून आली, याचं त्यांना फार अप्रूप वाटत होतं. त्या अंकुरबद्दल बोलत राहिल्या. लहानपणी आंघोळीला कसा कंटाळायचा, नोकरी लागल्यावर आईला पहिलं लुगडं कसं हट्टानं नेसायला लावलं.

"लय नाद होता बाई त्याले त्या कार्डाइचा," त्या वाढता वाढता म्हणाल्या. "घरी आला का थेच घेऊन बसे. मंग एकाएकी सोडूनच देलं. पेटीत टाकून देले सगळे. मी म्हतलं, बरं झालं, शहाना झाला माहा पोरगा."

खुशालराव ताटाकडे बघत जेवत होते. वर्षालीनं मान हलवली.

"घ्या ना अजून," पार्वताबाई म्हणाल्या. "जेवून नाई राह्यल्या तुमी."

त्यांनी तिच्या ताटात अर्धी भाकरी टाकली आणि तिनं ती भाजीला लावून, एक एक घास करत, संपवली.